कॉन्सुलेटच्या कार्यक्रमाची फुलांची ऑर्डर आहे, घातपात तपासणीनंतर आत पाकळीसुद्धा नेता येणार नाही म्हणतात, हे असंच असतं का?

दादरफुलबाजार

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण नीट वाचून सांगा, ऑर्डर मोठी आहे आणि घरात दोन दिवस याच्यावरूनच बोलणं चाललंय.

आमचं दादरला फुलांचं दुकान आणि डेकोरेशनचं काम, बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघते. यावेळी पहिल्यांदाच एका कॉन्सुलेटच्या राष्ट्रीय दिनाचं काम मिळालंय, दक्षिण मुंबईतल्या हॉटेलात संध्याकाळचं रिसेप्शन, त्यांच्या देशातून कोणी मंत्री पण येणार आहेत. स्टेज, पोडियम, दाराची कमान आणि टेबलांवर बावीस अरेंजमेंट. आधी ठरलेलं की सकाळी सहाला माल आत, चारपर्यंत काम, मग पाहुणे यायच्या तासभर आधी शेवटचा हात फिरवायचा. पण नोव्हेंबर २०२५ मधे फरीदाबादला तो २,९०० किलो स्फोटकांचा साठा सापडल्याची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला, तेव्हापासून हॉटेलवाल्यांनी सगळं बदललंय. आता म्हणतात माल आदल्या रात्री आणा, सगळ्या कामगारांचे फोटो, आधार आणि चारित्र्य पडताळणी आठ दिवस आधी द्या, आणि दुपारी एकदा तपासणी झाली की हॉल सील, मग एक पाकळीसुद्धा आत जाणार नाही आणि आतला माणूस बाहेर गेला तर परत येणार नाही.

लिली आणि निशिगंध आदल्या रात्री लावला तर एसीमधे दुसऱ्या संध्याकाळपर्यंत काय उरतं ते फुलांचं काम करणाऱ्याला विचारा. पण माझा खरा प्रश्न फुलांचा नाहीये. आमच्याकडे एक कारागीर आहे, मिदनापूरचा, अकरा वर्षं आमच्याकडे हार बांधतोय, त्याच्या आधारवर जन्मसाल वेगळं आणि बाकीच्या कागदावर वेगळं. त्याचं नाव यादीत देऊ की नको? त्याला नको म्हणणं मला फार जड जातंय, कमान त्याच्याइतकी सुंदर कोणी बांधत नाही.

आणि दुसरं, एवढ्या पोलिसांनी, कुत्र्यांनी हॉल तपासल्यावर परत माझी बादली का नको? फुलांच्या वासाने कुत्र्याला काही समजत नाही का? आई तर म्हणते ऑर्डरच सोड. १९९३ ला प्लाझाजवळ स्फोट झाला तेव्हा बाबा कबुतरखान्यापाशी हातगाडी लावून उभे होते, त्यांना काही झालं नाही पण आईच्या मनातून तो शुक्रवार गेलेला नाही. कोणी अशी कामं केली असतील तर सांगा.

जुनाबंदोबस्त

ताई, मी बॉम्बशोधक पथकात नव्हतो, पण मुंबई पोलिसांत एकतीस वर्षं बंदोबस्त केला आणि त्या पथकाच्या मागे दोरी धरून पुष्कळ उभा राहिलो, त्यामुळे दिसलेलं सांगतो.

तुमचा मुद्दा असा की एवढं तपासल्यावर परत माझी बादली का नको. उलट्या बाजूने बघा. तपासणी म्हणजे फक्त एवढंच की दुपारी अमुक वाजता या हॉलमधे काही नव्हतं. त्या क्षणानंतर दार उघडं राहिलं तर त्या तपासणीची किंमत शून्य. म्हणून तपासणी संपली की तिथेच दारावर माणूस बसतो, रजिस्टर उघडतं, आणि मग आत जाणारी प्रत्येक वस्तू नव्याने तपासावी लागते. कार्यक्रमाच्या तासभर आधी मशीनपाशी केकवाला, माईकवाला, झेंडेवाला, तुम्ही असे सगळे एकदम आलात की तिथला शिपाई घाईत एखादी पेटी तशीच सोडतो, आणि भीती त्याच एका पेटीची असते. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, नशीब की त्या पेटीत फक्त मेणबत्त्या होत्या.

लपवलेली वस्तू किती वेळ लोकांच्या पायाखाली राहू शकते हे आपल्या मुंबईला वेगळं सांगायची गरज नाही. २६/११ नंतर ३ डिसेंबर २००८ ला सीएसटीवर एका बॅगेत बॉम्ब सापडला. हल्ल्याच्या रात्री लोक सामान टाकून पळाले, ते सगळं सामान गोळा करून एका जागी ठेवलेलं, त्या ढिगात ती बॅग एक आठवडा पडून होती आणि लोकल सुरू झालेल्या, लाखो माणसं बाजूने जात होती. ही बातमी ऐकली त्या रात्री मी झोपलो नाही, कारण माझी ड्युटी त्याच स्टेशनला झाली होती.

राजनैतिक कार्यक्रमाचंच उदाहरण पाहिजे तर रंगून. ९ ऑक्टोबर १९८३, दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष हुतात्मा स्मारकाला पुष्पचक्र वाहायला जाणार होते. बॉम्ब स्मारकाच्या छतात आधीच लपवलेले. राष्ट्राध्यक्षांची गाडी यायला थोडा उशीर झाला, तिकडे बिगुल वाजलं, आणि मारेकऱ्यांना वाटलं आलेच. २१ माणसं गेली, त्यात त्यांचे परराष्ट्रमंत्री. राष्ट्राध्यक्ष वाचले ते फक्त उशिरामुळे. म्हणून खुर्च्या बघतात तसं फॉल्स सीलिंग बघतात, एसीचा डक्ट बघतात, पोडियम आतून बघतात, आग विझवायच्या पाइपाची पेटी उघडतात. आणि हो, कुंड्या आणि फुलांची स्टँड तर बघतातच, पुष्पचक्राच्या कार्यक्रमात फुलं माणसाच्या सगळ्यात जवळ असतात.

मेटल डिटेक्टरच्या चौकटीवर फार विसंबू नका. ती धातू ओळखते, आरडीएक्स धातू नाही. तिथे कुत्रा आणि माणसाचे हात लागतात. आमच्या जंजीरचं नाव ऐकलं असेल, १९९३ ला त्या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर शोधून दिले. २००० साली तो हाडांच्या कॅन्सरने गेला तेव्हा आम्ही मोठमोठी माणसं रडलो होतो. फुलांच्या वासाने कुत्रा चुकत नाही, त्याला सगळे वास वेगवेगळे येतात, आपल्यासारखा मिसळून येत नाही. पण उन्हात धावपळ झाली की तो दमतो, अर्ध्या-पाऊण तासाने त्याला सावली आणि पाणी लागतं. म्हणूनही पुन्हापुन्हा माल आणू नका म्हणतात.

आणि एक, हे सगळ्या कारागिरांना पाठ करून द्या. आत काही विचित्र दिसलं, आपलं नसलेलं खोकं, सैल झालेली वायर, तर हात लावायचा नाही, उचलून बाहेर पण आणायचं नाही, तिथून लांब व्हायचं आणि मग ड्युटीवरच्या माणसाला सांगायचं. सापडलं म्हणजे संपलं असं नसतं. फरीदाबादचाच माल श्रीनगरला नौगाम पोलीस ठाण्यात नेला होता, नमुने घेताना १४ नोव्हेंबरच्या रात्री स्फोट झाला, नऊ जण गेले, त्यात फॉरेन्सिकची शिकलेली माणसं होती.

बदलापूर७४२

मला हे सगळं जास्तच वाटतं, स्पष्ट बोलतो. मोठा पाहुणा आला की आपण तासभर सिग्नलला उभे, फेरीवाले उठवा, दुकानं बंद करा. २०१० ला ओबामा मणिभवनला आले तेव्हा आजूबाजूच्या झाडांवरचे नारळसुद्धा काढले होते. आणि एवढं करून ज्याला करायचंय तो कार्यक्रमाच्या दिवशी येतच नाही, आधीच येऊन जातो. मग आमच्यासारख्या रोज काम करणाऱ्यांच्या बादल्या तपासून काय होणार? पाहुण्यासाठी गरीब माणसाने का झिजायचं?

जुनाबंदोबस्त

भाऊ, नारळ काढले ते डोक्यात पडू नयेत म्हणून, त्याचा बॉम्बशी संबंध नव्हता. रस्ते बंद होतात त्याचा त्रास मला मान्य आहे, आम्ही पण त्याच उन्हात बारा तास उभे असतो आणि शिव्या आम्हीच खातो. पण तुम्ही म्हणालात की तो आधीच येऊन जातो, हे अगदी शंभर टक्के खरं. ब्रायटनला १९८४ मधे ब्रिटनच्या पंतप्रधान उतरल्या त्या हॉटेलात बॉम्ब तीन आठवड्यांहून आधी बाथरूमच्या पॅनेलमागे ठेवलेला होता, लांबच्या वेळेचा टायमर लावून. पाच माणसं मेली. रशियात, चेचन्यातल्या ग्रोझनीला २००४ साली ९ मे च्या समारंभात मान्यवरांच्या स्टँडमधेच स्फोट झाला, तिथे तो बांधकामातच गाडलेला होता. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवसाची तपासणी पुरत नाही, मागच्या महिन्यात कोण प्लंबर आला, कोण सुतार आला हे पण लागतं. म्हणूनच नावांची यादी मागतात. बादलीपेक्षा यादी महत्त्वाची, मी तर म्हणेन दहा पट.

वकीलीण_फोर्ट

यादीचं पटलं. मी कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते, कारण कोण कोणाला अडवू शकतो यात लोकांचा नेहमी घोळ होतो.

मुंबईत दूतावास नाहीत, कॉन्सुलेट आहेत, आणि दोघांना वेगळे करार लागू होतात. दूतावासाला १९६१ चा व्हिएन्ना करार, कॉन्सुलेटला १९६३ चा. फरक बारीक वाटतो पण स्फोटकाच्या प्रसंगी तो मोठा होतो. दूतावासाच्या आवारात त्यांच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचा पोलीस पाऊल टाकू शकत नाही, आग लागली तरी करारात सूट लिहिलेली नाही. कॉन्सुलेटच्या करारात मात्र कलम ३१ मधे लिहिलंय की आग किंवा तशीच तातडीची आपत्ती असेल तर परवानगी गृहीत धरता येते. थैल्यांचं, म्हणजे त्यांचं सरकारी टपाल नेणाऱ्या सीलबंद पिशव्यांचं, पण तसंच. दूतावासाची थैली उघडायची नाही आणि अडवायची पण नाही. कॉन्सुलेटच्या थैलीबद्दल गंभीर संशय असेल तर त्यांच्या प्रतिनिधीसमोर उघडा अशी विनंती करता येते, आणि ते नाही म्हणाले तर थैली जिथून आली तिथे परत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कार्यक्रम हॉटेलात आहे. हॉटेलचा हॉल हा कॉन्सुलेटचं आवार होत नाही, त्यांनी दिवसाचं भाडं भरलं आणि झेंडा लावला तरी नाही. तिथे मुंबई पोलिसांचा अधिकार पूर्ण आहे, आणि परदेशी अधिकाऱ्यांना संरक्षण द्यायचं बंधन पण करारानेच आपल्यावर आहे. त्यामुळे कॉन्सुलेटच्या बाई किंवा साहेब तुम्हाला फोनवर म्हणाले की चालेल हो, सहा वाजता फुलं आणा, तर त्यांच्या भरवशावर राहू नका. दारावर निर्णय पोलिसांचा. परिसरात मनाईचे आदेश असतील, पूर्वीचं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय, तर टेम्पो कुठे उभा करायचा, ड्रोनने व्हिडिओ काढायचा का हे पण आधीच विचारा. हल्ली डेकोरेटर लोक इन्स्टासाठी ड्रोन आणतात, ते मुळीच करू नका.

कारागिराबद्दल. त्याच्यावर काही आरोप नाही, जन्मसालाचा फरक ही लाखो लोकांची अडचण आहे. पण यादीत खोटं किंवा जुळवून लिहू नका, दुसऱ्याच्या आधारवर तर अजिबात नाही. ते तुमच्या अंगाशी येईल आणि त्याच्याही, त्याच्या जास्त. खरं आहे तसं लिहून द्या, फरक आहे हे त्यातच नमूद करा आणि ठाण्यात विचारा. नाही म्हणाले तर नाही.

कुलाबाबँक्वेट

मी बँक्वेटमधे सोळा वर्षं आहे, हॉटेलचं नाव लिहीत नाही. दादरफुलबाजार ताई, सोडू नका ऑर्डर. २०२२ च्या ऑक्टोबरमधे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक ताजमधे झाली, ज्या ताजमधे २६/११ झालं तिथेच, नंतर डिसेंबरमधे जी-२० ची बैठक पण मुंबईत झाली, तेव्हापासून आमच्या लाइनमधल्या सगळ्यांना या कडक पद्धतीची सवय व्हायला लागली. पहिल्यांदा राग येतो. मग हात बसतो.

फुलांसाठी काय करायचं ते सांगतो. अरेंजमेंट पूर्ण गोडाऊनलाच करा, हॉलमधे फक्त ठेवायच्या. फोमवर, म्हणजे फुलं खोचायच्या ओल्या स्पंजवर लावा, आणि फोम पॅकबंद पुड्यातून त्यांच्यासमोर उघडा, तुमच्याकडचे कापलेले तुकडे नेऊ नका, त्यात काय आहे हे बघायला तो तुकडा फोडतात आणि तुमची मेहनत जाते. झाकणाच्या काळ्या बादल्या नकोत, उघड्या आणि शक्यतो पारदर्शक क्रेट. सिक्युरिटी मॅनेजरला भेटून लेखी विचारा की तपासलेला राखीव माल हॉलच्या सील हद्दीतच एखाद्या पँट्रीत किंवा कोल्ड रूममधे ठेवता येईल का, म्हणजे शेवटचा हात फिरवायला फुलं आतच असतात, बाहेरून काही यायची गरज नाही. बऱ्याच ठिकाणी याला हो म्हणतात, कारण त्यांचंही काम वाचतं. लिली कळीत असलेली घ्या, रात्री लावली की संध्याकाळी बरोबर उमलते. निशिगंध टाळा, त्याऐवजी ऑर्किड, अँथुरियम.

कुंड्या नेणार असाल तर एक लक्षात ठेवा, आठवडाभर आधीपासून खत टाकू नका. काही खतांत नायट्रेट असतं, पुसून तपासायच्या मशीनला तेच सापडतं आणि अलार्म वाजतो. आमच्याकडे एकदा असं झालं, माळी बिचारा दोन तास खुर्चीवर बसून होता आणि त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते मला अजून टोचतं. तपासणी कितीही कडक करा, पण माणसाला चोरासारखं बसवू नका, एवढं या लोकांनी शिकायला हवं.

का करायचं हे सगळं ते पण लिहितो, कारण आम्ही सोफे लावणारी माणसं आहोत. जानेवारी २०१७, कंदाहार, गव्हर्नरच्या गेस्टहाउसमधे संयुक्त अरब अमिरातीचे राजदूत आणि त्यांची माणसं पाहुणी होती. स्फोटकं सोफ्यांमधे लपवलेली. त्यांचे पाच अधिकारी तिथेच गेले, राजदूत पुढच्या महिन्यात वारले. पाहुणा बसतो तो सोफा कोणीतरी आत आणला असणार, कोणीतरी दार उघडून दिलं असणार. मी हे वाचल्यापासून माझ्या हॉलमधे फर्निचर भाड्याने आलं की स्वतः खाली वाकून बघतो, गादी दाबून बघतो, खालचं कापड नवीन शिवलंय का बघतो. कोणी सांगितलं नाही मला. पोलीस येतात दुपारी एकदा, पण ती खुर्ची रोज कुठे असते, कुठला पडदा किती लांबीचा, हे आम्हालाच माहीत असतं. जागेवर नसलेली वस्तू आम्हालाच आधी दिसणार.

दादरफुलबाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. सोफ्याचं वाचून अंगावर काटा आला, रात्री बाबांना वाचून दाखवलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की १९९३ चा स्फोटकांचा माल रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरला तेव्हा कस्टममधल्या आणि पोलिसांतल्या काही लोकांनी पैसे खाऊन रस्ता मोकळा करून दिला म्हणून तो दादरपर्यंत आला, तेव्हा तिथे एखाद्याने जरी पेटी उघडून बघितली असती तर. एवढंच बोलले. आई पण गप्प बसली, ऑर्डर सोड हे काल रात्रीपासून म्हणाली नाहीये.

आज हॉटेलच्या सिक्युरिटीवाल्यांना भेटले. पँट्रीचं मान्य केलं, दोन क्रेट राखीव ठेवायला देतायत, मात्र सील झाल्यावर आत आमची दोनच माणसं राहतील आणि ती कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर येणार नाहीत, जेवण आतच. मी स्वतः एक राहतेय. कारागिराचं ठाण्यात विचारलं, तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं पण या वेळी नाव देऊ नका म्हणाले, कागद दुरुस्त झाल्यावर पुढे बघू. त्याला मी घरी बोलावून सांगितलं. वाईट वाटलं त्याला, लपवलं नाही त्याने. म्हणाला कमान चार तुकड्यांत गोडाऊनलाच बांधून देतो, तुम्ही फक्त जोडा, आणि जोड कुठे येतात ते चुन्याने खुणा करून दाखवतो. मजुरी तीच ठरवली आहे, आणि आधार केंद्रात सोमवारी मी त्याच्याबरोबर जातेय, वकीलीण ताई, जन्मसालाच्या दुरुस्तीला शाळेचा दाखला नसेल तर काय काय चालतं ते जमल्यास इथेच लिहा.

आणि जुनाबंदोबस्त काका, चार तुकड्यांच्या कमानीला आतून लोखंडी पाइप आहेत, दोन्ही टोकं बंद केलेले. ते मी उघडी करून आणू का, आतून दिसायला?

जुनाबंदोबस्त

हो ताई, टोपणं काढूनच आणा, आणि टॉर्च बरोबर ठेवा. शिपायाने म्हणायच्या आधी तुम्हीच पाइपातून उजेड पाडून दाखवा. रात्री अकराच्या आत पोचा, बाराला पाळी बदलते, नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून दाखवावं लागेल.